कोरडी भाकर

तेव्हां अकोला जिल्ह्यांत व 1998 पासून वाशीम जिल्ह्यांत असलेल्या केनवडास, आमच्या घरीं, मोठेबाबांच्या ताटाशेजारीं पाण्याचे दोन तांबे असत: एक पिण्यास, दुसरा भाकर भिजविण्यास. वडिलांच्या या थोरल्या बंधूंना खर्र्यानें गालाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया व किरणोपचार यांनीं ते वांचले, पुढें अकरा वर्षें शेतही पाहत राहिले. परंतु तोंडांतील लाळ आटली ती आटलीच. हुरड्याच्या दिवसांत सारे आगटीभोंवतीं बसत, तेव्हां ते कांहीं तरी काम काढून गोठ्याकडे जात. आम्हांस तो त्यांचा विक्षिप्तपणा वाटे. लाळेवांचून हुरड्याचा घास गिळत नाहीं, हें कळावयास आम्हांस पुष्कळ वर्षें लागलीं.

कानाच्या पुढें-खालीं, जबड्याच्या कडेस, दोन्ही बाजूंनीं लाळेच्या मोठ्या ग्रंथि असतात. त्या काळीं किरणांचा झोत रुंद पट्ट्यानें सोडीत. व्याधीबरोबर ग्रंथिही भाजत. पुढें झोत व्याधीच्या आकाराप्रमाणें वळविण्याची युक्ति निघाली. ब्रिटनांत झालेल्या व 2011 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चांचणींत, उपचारानंतर वर्षानें तोंडाचा त्रासदायक कोरडेपणा जुन्या पद्धतीनें शेंकडा 74 रुग्णांत, तर ग्रंथि वांचविणाऱ्या पद्धतीनें शेंकडा 38 रुग्णांत आढळला. मात्र जें वांचवावयाचें तें यंत्राला आधीं दाखवावें लागतें. सीटी स्कॅनच्या शंभराहून अधिक छेदचित्रांवर डॉक्टरानें ग्रंथि, मज्जारज्जु, जबडा यांच्या कडा हातानें रेखावयाच्या; एकेका रुग्णामागें कित्येक तास.

आमच्या एका डॉक्टर भाच्याच्या खोलींत हें काम संगणक करतांना आम्हीं पाहिलें. डॉक्टरांनीं पूर्वीं रेखलेल्या पुष्कळ चित्रांवरून तो कडा ओळखावयास शिकलेला असतो. रुग्णाचें नांव झांकलेलें होतें. चहा निवण्याच्या आंत करड्या चित्रावर, कानाखालीं, हिरवी रेघ उमटली. "मामा, ही बघा लाळेची ग्रंथि," भाचा म्हणाला. एवढीशी रेघ!

ती चुकत नाहीं काय, असें आम्हीं विचारलें. त्यानें दुसरें चित्र काढलें. दांतांतील धातूच्या भरावामुळें त्यावर पांढरे फांटे पसरले होते, एका बाजूचा जबडा शस्त्रक्रियेंत काढलेला, आणि संगणकाची रेघ भलत्याच स्नायूंत शिरलेली. भाच्यानें ती पुसून हातानें काढली. पाश्चात्त्य रुग्णांच्या घशावर शिकलेल्या यंत्राला तंबाखू-सुपारीनें आखडलेलीं आमच्याकडील तोंडें परकींच. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय आयआयटी मुंबई आदि संस्थांसह रुग्णचित्रांचा मोठा संग्रह करीत आहे, व त्याचा आरंभ डोकें-मानेच्या आणि फुफ्फुसाच्या कर्करोगांपासून केला आहे. आम्हांस तें काम यंत्राहून मोलाचें वाटतें. यंत्रानें डॉक्टरांचा वेळ वांचतो असें त्याचें कौतुक होतें. वांचूं द्या, पण त्यांतला थोडा रेघ तपासण्यास खर्च व्हावा, एवढें मागणें आहे.

केनवडास गेलों तेव्हां मोठ्या आईला ही हकीकत सांगितली. चुलीपुढें बसून तिनें ती सारी ऐकली आणि विचारलें, "मंग त्यायची कोनी काढली नाही का रेघ?"

तेव्हां ती विद्याच आपल्याकडे आली नव्हती, असें आम्हीं सांगितलें. तिनें पुढें कांहीं विचारलें नाहीं.