मुळशीतली तोफ

कागदावर तिचं नाव भलतंच लांब आहे: एएफ-एस निक्कोर 200-500 एमएम एफ/5.6ई ईडी व्हीआर. चांदणी चौक ओलांडून पिरंगुट, पौड मागं पडलं की हे नाव गळून पडतं आणि उरते ती नुसती तोफ. ताम्हिणीच्या रस्त्यावर कणसं भाजणाऱ्या मावशींपासून दुचाकीवरून ओलेचिंब होऊन आलेल्या कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे तिला तोफच म्हणतात. आम्ही पक्ष्यांचे फोटो काढणारे लोक या लेन्सला ‘दोनशे-पाचशे’ म्हणतो. खिशातल्या नोटा मोजल्यासारखं.

वजन कॉलर आणि पायासकट 2,300 ग्रॅम. मिटलेली असताना पावणेसत्तावीस सेंटिमीटरची, बुटकी, अंगानं भरलेली. रिंग पाचशेकडं फिरवत नेली की आतली नळी पुढं येते, तोंडावर हूड असतोच, आणि मग बाईंचा रुबाब बघावा. गळ्यात अडकवून घेणं तिला मंजूर नाही. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला लटकवली तर सगळा भार माउंटच्या कड्यावर येतो. तिला उचलायचं तर पाय धरावे लागतात, अगदी शब्दशः: कॉलरला ट्रायपॉडसाठी जो पाय असतो, तीच तिची मूठ. फोटो घेताना डावा तळवा तिच्या पोटाखाली, कोपर बरगडीला टेकलेलं, श्वास अर्धा सोडून धरलेला. पहिली दहा मिनिटं वाटतं की जमतंय. मग दंड भरून येतो आणि माणूस टेकायला दगड, झाडाचं खोड, गाडीचं दार, काहीही शोधायला लागतो.

लांब पल्ल्याची झूम घ्यायची ठरली की माणूस आधी आकडा बघतो. आकड्यात ही बाई मागं पडते. तिच्या बरोबरीच्या टॅमरॉन आणि सिग्मा 150-600 आहेत. टॅमरॉनची 2013 च्या अखेरीस जाहीर झाली आणि पगारदार माणसालाही सहाशे मिलिमीटरचं स्वप्न परवडायला लागलं. पुढच्याच वर्षी सिग्मानं एक सोडून दोन आणल्या: 1,930 ग्रॅमची कंटेम्पररी आणि 2,860 ग्रॅमची स्पोर्ट्स. स्पोर्ट्स खांद्यावर घेऊन अंधारबनाची वाट उतरणाऱ्यांबद्दल मला आदर आहे; त्यांच्या खांद्याबद्दल काळजीही आहे. निकॉनची 200-500 आली 2015 साली. सहाशेपुढं पाचशे कमीच, त्यामुळं काउंटरवर उभा असलेला माणूस हटकून विचारतो, शंभर मिलिमीटर सोडायचे कशासाठी?

हिशेब मांडूनच बघू. चिमणीएवढा, म्हणजे 15 सेंटिमीटरचा पक्षी 20 मीटरवर बसलाय. पाचशेची लेन्स सेन्सरवर त्याची पावणेचार मिलिमीटरची आकृती उमटवते, सहाशेची साडेचार मिलिमीटरची. एपीएस-सी सेन्सरची उंची साडेपंधरा मिलिमीटरच्या आसपास. दोन्हीकडं पक्षी छोटाच. आता पाचशेवाल्यानं सव्वातीन मीटर पुढं सरकावं, सहाशेवाल्याची बरोबरी झाली. सव्वातीन मीटर म्हणजे चार-पाच पावलं. ती ताम्हिणीत टाकता येतात: पाचोळा वाजू न देता, कारवीच्या आडून, मध्ये पाच-पाच मिनिटं मुकाट बसून. पुष्कळदा ती टाकावीही लागत नाहीत. आपण गप बसलो तर पक्षीच जवळ येतो. घरट्याजवळ मात्र ही चार पावलं टाकायची नाहीत, तिथं लेन्स बॅगेतच बरी.

उजेड असा चालत जाऊन आणता येत नाही. सहाशेच्या टोकाला त्या तिघी एफ/6.3 वर येतात. ही दोनशेपासून पाचशेपर्यंत एफ/5.6 सोडत नाही. फरक एक तृतीयांश स्टॉपचा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो कुणाला दिसणार नाही, आणि एरवीही तो फार मोठा नाही, हे मान्य. पण मुळशीचं पश्चिम अंग म्हणजे बाणेरची टेकडी नव्हे. जांभूळ, अंजनी, हिरडा यांच्या दाटीत ऑगस्टमध्ये भर दुपारी दिवेलागणीची वेळ वाटते. तिथं आयएसओ 6400 वरून 5000 वर आला तरी फोटोतल्या पिसांना जरा पीस असल्यासारखं रूप येतं. शिवाय डीएसएलआरचे बहुतेक फोकस पॉइंट एफ/5.6 चा उजेड धरूनच बनवलेले असतात; त्याहून कमी मिळाला की फोकस चाचपडायला लागतो.

तिचा जाडेपणाही उजेडापायीच आहे. 500 ला 5.6 नं भागा, 89 मिलिमीटर येतात. एवढ्या व्यासाचा प्रकाश आत घ्यायचा तर तोंड त्याहून लहान करून चालत नाही, म्हणून तिला 95 मिलिमीटरचा फिल्टर लागतो. हाच हिशेब सहाशे एफ/4 ला लावला की 150 मिलिमीटर येतात. ती घराणेदार प्राइम लेन्स दहा लाखांच्या पुढं का जाते आणि तिचा मालक गाडीपासून लांब का जात नाही, हे त्या भागाकारातच कळतं.

शीळ घालणारा मलबारी कस्तूर हा तिच्या परीक्षेचा पेपर. पावसाळा सुरू झाला की ताम्हिणीच्या ओढ्यांकाठी पहाटेपासून त्याची शीळ ऐकू येते: सूर धरून, मध्येच वाट चुकून, पुन्हा सुरावर येऊन. बसतो कुठं, तर धबधब्याच्या बाजूच्या काळ्या दगडावर. स्वतःही काळाच दिसतो. कपाळावरचा आणि खांद्यावरचा चमकदार निळा पट्टा कोवळा उजेड पडला तरच उघडा होतो. अशा वेळी शटर 1/60 पर्यंत खाली येतं. व्हीआर चालू केला की व्ह्यूफाइंडरमधलं थरथरतं चित्र बारीक गुरगुरीसह जागच्या जागी बसतं. साडेचार स्टॉपचा आधार कंपनीनं सांगितलाय आणि तो जाणवतो. पण तो आपल्या हाताच्या थरथरीसाठी. कस्तुराला त्याचं काय? तो शेपटी उडवतो, मान वळवतो, आणि वीस फोटोंतल्या एकोणिसांत पक्ष्याच्या जागी निळसर धूर असतो. विसावा बरा येतो. त्यात दगडावरचं शेवाळं कस्तुराहून ठळक असतं, ते सोडा.

शेकरू आलं की तिचा दुसरा स्वभाव दिसतो. पाचशेवर, एपीएस-सी कॅमेऱ्यावर, तिला जेमतेम तीन अंशांचं जग दिसतं. पूर्ण चंद्र आकाशात अर्धा अंश व्यापतो. म्हणजे सहा चंद्र एका ओळीत मावतील एवढीच तिची खिडकी. त्यात तांबूस पाठीचं, झुपकेदार शेपटीचं शेकरू जवळच्या फांदीवर आलं तर फक्त एक डोळा, मिश्या आणि हिरड्याचं फळ धरलेला पंजा मावतो. घाईघाईनं मागं यायचं तर रिंगेचा फेर लांब. एका झटक्यात पाचशेचे दोनशे होत नाहीत, मनगट सोडून पुन्हा धरावं लागतं. तेवढ्यात राज्यप्राणी पलीकडच्या झाडावर. तरीही झूमच हवी असं माझं मत इथंच पक्कं होतं. नुसती पाचशेची प्राइम असती तर मनगट कितीही फिरवून शेकराची शेपटी चौकटीत आली नसती. फुलपाखरांच्या नादी लागलेल्यांना मात्र मी तिच्या वाटेला जा म्हणणार नाही. ती 2.2 मीटरच्या आतलं काही बघत नाही. कॅननची दुसऱ्या पिढीची 100-400 जवळजवळ मीटरभरावर फोकस करते आणि दीड किलोच्या आसपास भरते. नीलवंत चिखलावर उतरला की ती बाजी मारते.

मुळशीचा पाऊस आणि तिचं जमत नाही. 25 जुलै 2024 ला ताम्हिणीत चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. तसल्या दिवशी घरात बसावं हे लेन्सलाच काय, माणसालाही लागू. पण साध्या भुरभुरीतही तिची अडचण होते. नळी आतबाहेर होताना ती दमट हवा ओढून घेते, आणि काचांमध्ये बुरशीची जाळी धरायला एवढं निमित्त पुरतं. सोनीची 200-600 आणि निकॉनचीच 2023 ची झेड 180-600 यांची लांबी झूम करताना बदलत नाही. आज मिररलेस कॅमेरा हातात असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर घाटमाथ्यावर फिरणाऱ्यानं त्यांचाच विचार करावा. हिचे दिवस तसे उतरणीला लागलेत, म्हणून तर ती जुन्या बाजारात बऱ्या भावात भेटते. घेताना टॉर्च मागच्या काचेतून मारून पुढून बघायचं. कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले की नमस्कार करून उठायचं, किंमत कितीही खाली येवो. आणि पैसे मोजण्याआधी एक शनिवार-रविवार भाड्यानं आणून ताम्हिणीत फिरवायची. एसी गाडीतून थेट बाहेर काढली तर तोंडावर वाफ धरते. पंधरा-वीस मिनिटं बॅगेतच राहू द्यायची. घरी हवाबंद डबा आणि सिलिका जेल. चामड्याच्या झोकदार पेटीत ठेवाल तर बुरशीला आमंत्रण.

रविवारी तिची फजिती असते. पावसाळ्यात प्लस व्हॅलीच्या आसपास भजी, कणसं, गाड्यांची रांग आणि भिजलेली तरुणाई. तोफ बघून चौघंजण बाइक लावून उभे राहतात. “काका, आमचा एक घ्या ना, डीपीला!” आता तिच्या दोनशेवरही चार माणसं आणि दोन बाइक मावायच्या तर तीस-पस्तीस मीटर मागं जायला हवं. मागं दरी. पोरांना हे पटत नाही. “एवढी मोठी लेन्स आणि जवळचं येत नाही?” पाचशेवर तुझं नाक येईल, म्हटलं. त्याला तेही चाललं असतं.

टेकायला बीन बॅग हवी म्हणून एकदा रस्त्याकडेच्या दुकानात तांदूळ मागितला. दुकानदार काकूंनी मुळशीचा मान राखून आंबेमोहर पुढं केला. भातासाठी नाही, लेन्सखाली घालायच्या पिशवीत भरायला हवाय, म्हटल्यावर त्यांनी मापटं खाली ठेवलं. “आंबेमोहर? असला तांदूळ यंत्राखाली घालायचा? शोभतं का?” आणि आतून कणीचं पोतं ओढून आणलं. कणी अधिक चांगली बसते, हे तोफेनंही कबूल केलं असतं: बारीक दाणा लेन्सच्या अंगाबरोबर वळतो, गाडीच्या खिडकीवर पिशवी घसरत नाही.

हिवाळ्यात ती खरी खुलते, पण सकाळीच. मुळशी जलाशयाच्या काठावर ऊन तापलं की पाण्यावरची हवा लहरायला लागते आणि पलीकडचा बगळा वितळल्यासारखा दिसतो. याला दहा लाखांच्या लेन्सपाशीही उतारा नाही. लेन्स अंतर जवळ आणते तशी मधली हवाही जवळ आणते.

हे पाणी टाटांच्या धरणाचं. मुळेचं पाणी अडवून बोगद्यानं सह्याद्रीखाली, भिऱ्याच्या वीजघराकडं सोडलं. त्यासाठी जमिनी गेल्या, 1921 साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात उतरले, आणि शेवटी धरण झालंच. त्यामुळं समोरासमोरची गावं आता पाण्याच्या दोन काठांवर आहेत. नजरेनं जवळ, रस्त्यानं लांब. अशाच एका काठावर कणीच्या पिशवीवर तोफ टेकवून बसलो असताना गुरं घेऊन आलेले एक आजोबा मागं येऊन थांबले.

“काय घावलं का?”

“अजून नाही, आजोबा.”

“ह्यातनं लांबचं दिसतं म्हणं?”

एपीएस-सी कॅमेऱ्यातून पाचशेवर डोळा लावला की साधारण दहापट दुर्बिणीइतकं दिसतं. मी बाजूला सरकलो. आजोबांनी टोपी मागं सारली, आधी चुकीचा डोळा मिटला, मग बरोबर मिटला, आणि तोफ दोन्ही हातांनी पलीकडच्या काठावर वळवली. बराच वेळ ती तिथंच फिरत राहिली.

“थोरल्या भैनीला तिकडं दिलीया,” ते डोळा न काढता म्हणाले. “ह्ये बघा. दाजींनी पत्रा अजून बदलला न्हाई. दिवाळीला पैशे तर माज्याकडनं नेलेत.” मग जरा थांबून, “ह्याचा फोटू निगंल का? पत्र्याचा? दाखवायला पायजे त्यास्नी.”

निघाला. पाचशेवर, एफ/5.6, 1/1000. पत्र्यावरचा गंज अगदी स्वच्छ आलाय.