सुई कोणी फिरवली?

स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहावी, असा निरोप आला तेव्हा मला शाळेचे निकाल वा सत्कार आठवले नाहीत. आठवले ते एक बंद पडणारे छोटे इंजिन. इतिहासाच्या एका शिक्षकाला पुरावा म्हणजे काय, हे त्याने शिकवले.

एका माजी विद्यार्थ्याने रेडिओवर चालणारे आपले हेलिकॉप्टर शाळेला भेट दिले होते. त्याला ग्लो इंजिन होते. या इंजिनात ठिणगी नसते. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि एरंडेलासारखे वंगण यांचे मिश्रण हे त्याचे इंधन. प्लगमधील प्लॅटिनमयुक्त तार आरंभी दीड व्होल्टच्या बॅटरीने तापवावी लागते. पुढे मिथेनॉलच्या वाफेची प्लॅटिनमशी गाठ पडून उष्णता निर्माण होते आणि बॅटरी काढली तरी तार तापलेलीच राहते. इंधन किती जावे, हे कार्ब्युरेटरची सुई ठरवते. कमी गेले तर इंजिन फाजील तापते, अधिक गेले तर गुदमरते.

१४ ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, मैदानावर प्रात्यक्षिक ठरले होते. आदल्या दिवशी इंजिन सुरू होई, पण बॅटरी काढताच थांबे. पाच वेळा तेच घडले. त्या खोलीची किल्ली आठवीतल्या एका मुलाकडे असे. दौंड तालुक्यातल्या भीमेकाठच्या पालावरून आलेला, पारधी समाजातला, अबोल मुलगा.

"सुई तूच फिरवलीस ना?" मी सर्वांदेखत विचारले.

"नाही, सर."

मी किल्ली काढून घेतली. त्या रात्री तो जेवला नाही.

रात्री मी दुसऱ्या दिवशीच्या भाषणाची टिपणे चाळत होतो. त्यांत १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा होता. जन्मावरून माणसांना गुन्हेगार ठरवणारा तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, हे मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. त्याच दिवशी दुपारी मी काय केले होते?

पहाटे मी त्या मुलाला खोलीवर नेले आणि विचारले, "तुला काय वाटते?"

"सर, सुई हललेली नाही. हेलिकॉप्टर आले त्या दिवशी मी पांढऱ्या रंगाची खूण केली होती."

खूण जागच्या जागी होती. पुरावा आदल्या दिवशीही तिथेच होता. मी पाहिला नव्हता.

मग एका वेळी एकच गोष्ट तपासायची, असे ठरले. प्लग काढून बॅटरीला जोडला. तार लखलखीत नारिंगी झाली. तरी नवा प्लग लावून पाहिला. इंजिन पुन्हा थांबले. नळीत हवेचे बुडबुडे नव्हते. उरले इंधन. त्याचा डबा पाहताच मला उमजले. जुलैमध्ये झाकण माझ्याच हातून फुटले होते आणि मी तोंडाला फडके गुंडाळून डबा कपाटात ठेवला होता. मिथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेते. पावसाळाभर त्यात पाणी मुरत गेले. असल्या इंधनावर तार तापलेली राहीना.

टाकी रिकामी करून मोहोरबंद बाटलीतले इंधन भरले. थ्रॉटल तळाशी असल्याची खात्री त्याने केली. मी पात्यांचा माथा घट्ट धरला. बॅटरी काढली. इंजिन चालू राहिले आणि एरंडेलाचा तो ओळखीचा धूर खोलीबाहेर पसरला. विमान इंजिनाविना काही काळ तरंगते. हेलिकॉप्टर मात्र सुखरूप उतरवायला उडवणाऱ्याचे कसब पणाला लागते. दोष जमिनीवरच सापडला, हे बरे झाले.

आरोप सर्वांदेखत केला होता. म्हणून त्रिसरण-पंचशीलानंतर मी सर्वांदेखतच त्या मुलाची क्षमा मागितली आणि किल्ली परत दिली. ती घेताना तो हळूच म्हणाला, "सर, शिरूरला गेलात तर डब्याला झाकण आणा."

शाळेच्या या आठवणींत माझी ही चूकही नोंदलेली असावी.