चार तुकड्यांचं बेट

आमच्या घरात लुडो कधी रुळला नाही. घरात पासे नकोत असं अम्मीचं म्हणणं, आणि त्यावर वाद घालायची कुणाची हिंमत नव्हती. कॅरम आणि बुद्धिबळ चालायचं, पण दोन्हींत शेवटी एक जिंकणार आणि एक रुसणार. त्यामुळे धाकट्या भावाने पुण्याहून ‘स्पिरिट आयलंड’ नावाचा खेळ आणला तेव्हा त्यातल्या दोन गोष्टी मला लगेच आवडल्या. त्यात पासे नाहीत. आणि सगळे खेळाडू एकाच बाजूला असतात. जिंकले तर सगळे, हरले तरी सगळे.

हा खेळ आर. एरिक रॉइस यांनी तयार केला आणि तो २०१७ साली बाजारात आला. एका बेटावर बाहेरून आक्रमक येतात, गावं आणि शहरं वसवतात, जमीन नासवतात. बेटावर आधीपासून राहणारे लोक आहेत, त्यांना दाहान म्हणतात. खेळाडू असतात बेटाच्या शक्ती: नदी, वीज, धरती वगैरे. अम्मीने विचारलंच, “ह्या रूही कुणाच्या?” मी म्हटलं, शाळेच्या पुस्तकातल्या गोष्टीत झाड बोलतं ना, तसंच हे. तिला ते पटलं.

तुकडे जोडून बेट तयार करायची कल्पना नवी नाही. क्लाउस टॉयबर यांच्या १९९५ सालच्या ‘कटान’मध्येही १९ षटकोनी तुकड्यांचं बेट मांडतात. पण तिथे बाहेरून येऊन वस्ती करणारे आपणच असतो, आणि ज्याची वस्ती मोठी तो जिंकतो. इथे नजर फिरवली आहे. बेटावर जे आधीपासून आहेत त्यांच्या बाजूने आपण बसतो. पारतंत्र्याचा इतिहास शिकवणाऱ्या शाळांतल्या मुलांना हे फार समजावून सांगावं लागत नाही.

मला लिहायचं आहे ते मात्र मांडणीबद्दल. मुलांना खेळ सुरू करायची घाई असते आणि सतरंजीवर पट मांडण्यातच अर्धा तास जातो. पण मला वाटतं, या खेळातलं खरं शिक्षण त्या अर्ध्या तासातच होतं.

पेटीत जाड पुठ्ठ्याचे चार तुकडे आहेत. जितके खेळाडू तितके तुकडे घ्यायचे. प्रत्येक तुकड्यावर आठ जमिनी, १ ते ८ आकड्यांच्या. जंगल, डोंगर, वाळू आणि पाणथळ असे चार प्रकार, प्रत्येकी दोन. एका कडेला समुद्र. किती जणांसाठी तुकडे कसे जोडायचे याची चित्रं नियमपुस्तिकेत आहेत. कुठल्या जमिनीवर शहर, कुठे गाव, कुठे दाहान आणि कुठे आधीच नासलेली जमीन हे तुकड्यावरच चिन्हांनी छापलेलं असतं. सोंगट्या ठेवल्या की प्रत्येकाने आपल्या शक्तीच्या चकत्या ठेवायच्या. नदी सर्वांत मोठ्या आकड्याच्या पाणथळीवर बसते. धरतीची एक चकती मोठ्या आकड्याच्या डोंगरावर आणि एक जंगलावर. मग आक्रमकांच्या गठ्ठ्यातलं वरचं पान उलटायचं. म्हणजे आपली पहिली खेळी व्हायच्या आधीच शत्रू किनाऱ्याला लागलेला असतो.

तुकड्यांची दुसरी बाजूही वापरता येते. तिथे प्रत्येक तुकड्याची जागा ठरलेली आहे आणि बेट खऱ्या नकाशासारखं दिसतं. ती बाजू अवघड आहे. नवख्यांनी आकड्यांची बाजूच घ्यावी, आणि पहिल्यांदा दोनच तुकड्यांवर खेळावं.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे चौघं बसले होते. माझा थोरला, धाकटी, बहिणीचा मुलगा आणि शेजारची मुलगी. भाचा दहावीला आहे, उर्दू माध्यमात. पुढच्या वर्षी त्याला अशा कॉलेजात जायचं आहे जिथे वर्गात उर्दू ऐकू येणार नाही, आणि बहिणीला त्याचीच काळजी. मराठीत त्याला लिहिता चांगलं येतं, मीच शिकवलंय. पण मराठी शाळेतल्या मुलांसमोर तो गप्प होतो. त्या दिवशीही आपला तुकडा पुढे ओढून, मान खाली घालून सोंगट्या ठेवत होता. प्रत्येकाचं तेच चाललं होतं. “हा माझा, तो तुझा.”

पान उलटलं, जंगल आलं. नियम असा की नवे शोधक त्या प्रकारच्या जमिनीवर येतात, पण त्या जमिनीत किंवा तिला लागून समुद्र, गाव किंवा शहर असेल तरच. भाच्याचं आतलं जंगल समुद्रापासून लांब होतं, जवळ त्याचं गावही नव्हतं. थोरला म्हणाला, “तू वाचलास.” भाच्याने बोट ठेवलं ते दोन तुकड्यांच्या सांध्यावर. “खाला, इसका गाव तो मेरे जंगल को लगके है. ये लोगां इधर बी आते ना?”

बरोबर होतं. पुठ्ठा तिथे संपतो, जमीन संपत नाही. शेजारच्या मुलीने तिचं गाव पाहिलं, त्याचं जंगल पाहिलं आणि म्हणाली, “अरे, मग ते गाव आपल्या दोघांचं काम आहे.” तिला त्याची दखनी कळली होती. पुढचा तासभर दोघं आपापल्या भाषेत बोलत होते आणि कुणाचं काही अडलं नाही. जमीन नासते तेव्हाही असंच होतं. आधीच नासलेल्या जमिनीवर पुन्हा घाव बसला की नासाडी लागूनच्या जमिनीत उतरते, आणि ती सांधा ओलांडूनही जाऊ शकते. तुकडा तुमच्या पुढ्यात आहे एवढंच. तुमच्या ताकदीने दुसऱ्याची जमीन वाचवायची पूर्ण मोकळीक असते.

भाषा शिकवणारीला यात आणखी एक गंमत सापडली. नियम इंग्रजीत, म्हणून आम्ही चालता चालता शब्द ठरवत होतो. नकाशा, सरहद्द, किनारा, जमीन, बंदर: मुलगी ज्यांना मराठी म्हणत होती ते सगळे फारसी-अरबीतून आलेले. बेटाला भाचा ‘जज़ीरा’ म्हणाला तेव्हा तिने डोळे मोठे केले. “म्हणजे मुरुडचा जंजिरा म्हणजे नुसतं बेटच?” तेच. त्याला ‘पाणथळ’ नवा होता, त्याने तो दोनदा उच्चारून पाहिला. ‘जंगल’ दोघांचंही निघालं.

सुट्टीनंतर मी आठवीच्या वर्गात पेटी नेली नाही. महागडा खेळ, आणि पंचेचाळीस मुलं. ड्रॉइंग शीटचे चार तुकडे केले, चार गट केले. प्रत्येक गटाने आपापला तुकडा काढायचा. अट एकच: नदी आणि रस्ता शेजारच्या तुकड्यात जुळला पाहिजे, आणि त्यासाठी शेजारच्या बाकावर जाऊन मराठीतच विचारायचं. “तुमची नदी कुठून येते?” “आमच्याकडून रस्ता डोंगराच्या मागून जातो.” विभक्तीचे जे प्रत्यय वहीत वर्षभर चुकत होते, ते मुली कडेवर पट्टी धरून बिनचूक बोलत होत्या. दोन गटांची नदी बोटभर चुकली तेव्हा त्यांनी मला न विचारता मध्ये एक वळण काढलं.

भाच्याचं कॉलेज अजून पुढे आहे. तिथे त्याच्यापुढे कुणी पट मांडून ठेवणार नाही, हे मला माहीत आहे. पण परवा त्याचा फोन आला. शेजारच्या मुलीला विचारा, म्हणाला, रविवारी तिसरा तुकडा कोण घेणार. मी म्हटलं, तूच विचार की. फोन तिच्याकडे दिला. थोडा वेळ गप्प राहिला, मग मराठीत बोलू लागला.