हजेरीपट नसलेली सभा

ज्या नगरातील दारूच्या गुत्त्यांचे लिलाव निजामाच्या आबकारी खात्याने वर्षानुवर्षे पुकारले, आणि ज्याच्या आसमंतातील मद्यनिर्मितीच्या कारखान्यांच्या पाण्यात 2016 च्या दुष्काळात 60 टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा हुकूम येथल्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला द्यावा लागला, त्या छत्रपती संभाजीनगरात मद्याची नोंद सरकारदरबारी कधीच अपुरी पडलेली नाही. मक्ता, परवाना, महसूल, पंचनामा, खटला अशी ही दफ्तरे पिढ्यान्‌पिढ्या साठत आली आहेत. त्यांत पिणारा मनुष्य आढळतो तो गिऱ्हाईक म्हणून, नाहीतर आरोपी म्हणून. ज्या दिवशी तो पिणे सोडतो, त्या दिवसाची नोंद मात्र कोणत्याही दफ्तरात होत नाही. आणि जेथे तो ते सोडण्यासाठी जातो, त्या सभेला तर हजेरीपटच नसतो.

अल्कोहोलिक्स अनॉनिमसची ही सभा शोधून काढणे सोपे नव्हे. कामगारवस्तीजवळच्या एखाद्या शाळेत, किंवा चर्चच्या आवारातील एखाद्या खोलीत, दिवेलागणीनंतर ती भरते. बाहेर असलाच तर एक लहानसा फलक असतो, आणि तो वाचणाऱ्याने आपण तो वाचत आहोत हे कोणाला दिसू नये म्हणून पाऊल न थांबवता वाचावा, अशी आपल्या समाजाची रीत आहे. माझ्या एका बालमित्रासाठी हा पत्ता मी पैठण गेटापासून सिडकोपर्यंत विचारीत फिरलो, तेव्हा ध्यानात आले की, दारू कोठे मिळते हे सांगायला रस्त्यावरचा प्रत्येक जण तयार असतो, परंतु ती कोठे सुटते असे विचारताच ज्याला विचारावे तो प्रथम विचारणाऱ्याचे तोंड न्याहाळतो. “भाऊजी, तो पत्ता मिळाला का हो?” असे मित्राची पत्नी दाराआडून, मुलांना ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारीत असे. पुष्कळ घरांत या शोधाचा आरंभ स्त्रीच करते, आणि तिच्यासाठी, नवरा येवो वा न येवो, अल्‌-अनॉन या नावाची निराळी सभा असते, हेदेखील मला तेव्हाच कळले.

या चळवळीचा जन्मही अशाच शोधातून झाला आहे. 1935 च्या मे महिन्यात अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी, धंद्यात अपयश पदरी आलेला बिल विल्सन नावाचा शेअर दलाल एका हॉटेलात उभा होता. समोर मद्यशाळा होती आणि बाजूला दूरध्वनी. त्याने दूरध्वनी उचलला, गावातील धर्मोपदेशकांकडे चौकशी केली, आणि मागितले काय, तर आपल्यासारखाच एखादा मद्यपी, ज्याच्याशी बोलल्याने आपले आजचे पिणे टळेल! त्यातून त्याची डॉक्टर बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी गाठ पडली. त्या डॉक्टरांनी अखेरचा पेला घेतला तो 10 जून 1935 हा या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. 1957 मध्ये ती भारतात आली. मराठी मुलखात पुण्याच्या मुक्तांगण केंद्राने 1986 पासून व्यसनमुक्तीचा विचार घरोघरी नेला, तेव्हा उपचारानंतरच्या अशा सोबतीचे महत्त्वही लोकांना उमगू लागले.

ज्यांना व्यसन नाही अशांना खुल्या सभेत बसता येते. तसा मी बसलो. परंतु तेथे जे ऐकावे ते तेथेच ठेवून यावे असा दंडक असल्याने कोणाची कहाणी मी येथे सांगणार नाही. प्रवेशाला फी नाही, दाखला नाही, जामीन नाही. पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट. प्रत्येक जण आपले पहिले नाव सांगून ‘मी मद्यपी आहे’ असे म्हणतो, आणि ज्या शब्दाने बाहेर त्याला लाज आणली, त्याच शब्दावर येथे सारे जण त्याला नमस्कार करतात. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतला यंत्रकामगार आणि कचेरीतला बडा अधिकारी एकाच बाकावर बसलेले असतात, आणि कोणी कोणाला उपदेश करीत नाही. जो तो स्वतःचेच बोलतो. आजन्म न पिण्याची शपथ कोणी घेत नाही, ‘फक्त आजचा दिवस’ एवढाच संकल्प असतो. पण अशा दिवसांचे वर्ष भरले की वाढदिवस साजरा होतो. आणि ज्याची मध्येच ‘स्लिप’ झाली, म्हणजे जो पुन्हा प्यायला, तो मान खाली घालून परत आला तर त्याची झाडाझडती होत नाही. येत राहा, एवढेच त्याला सांगतात. माझ्या मते या सभेचे खरे सामर्थ्य या दोन शब्दांत आहे, कारण घर, नोकरी आणि नातेवाईक या तिन्ही ठिकाणी ते शब्द त्याच्यासाठी केव्हाच संपलेले असतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगितली पाहिजे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर कंप, झटके, भ्रम असे जिवावर बेतणारे विकार उद्भवू शकतात. म्हणून आधी घाटी या सरकारी रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरकडे जावे, आणि सभेलाही जावे. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असे नाही.

सभेच्या शेवटी वर्गणीसाठी झोळी फिरते, परंतु ती सदस्यांपुरतीच. बाहेरच्याचा पैसा ही मंडळी घेत नाहीत, कारण आपला खर्च आपणच भागवावा ही त्यांची परंपरा आहे. तेव्हा देणगी देण्याचा मार्ग आपल्याला बंद आहे. मात्र खोली त्यांना लागते, आणि तिचे भाडे ते देतात. या शहरातील ज्या शाळांचे, वाचनालयांचे, मंदिरांच्या सभामंडपांचे विश्वस्त हे वाचीत असतील, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ एक खोली या लोकांसाठी उघडावी, वाजवी भाडे घ्यावे, आणि आत कोण आले ते विचारू नये.