दुरेघी वही

गेल्या श्रावणांत आमच्या थोरल्या बंधूंचें पत्र आलें. त्यांत लिहिलें होतें, "तुझें पत्र पोंचलें. पहिल्या चार ओळी लागल्या. पुढें भिंगहि उपयोगीं पडलें नाहीं. कागदाची एवढी काटकसर कधींपासून?" आम्ही चपापलों. जन्मभर फळ्यावर सुवाच्य अक्षर काढणारे आम्ही. अक्षर बिघडतें तें आळसानें, असें मुलांस बजावीत आलों. रोजनिशी उघडून पाहिली, तों प्रत्येक पानावर अक्षर आरंभीं ठसठशीत आणि शेवटीं मोहरीएवढें!

मेंदूच्या डॉक्टरांनीं आम्हांस चार पावलें चालविलें, बोटें मिटावयास व उघडावयास लाविलीं, आणि दुखण्याचें नांव सांगितलें, कंपवात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं ज्याचें वर्णन केलें, तोच. "पण आमचा हात तर कांपत नाहीं!" आम्ही म्हणालों. "कंप प्रत्येकास असतोच असें नाहीं, मंदपणा मात्र असतो," असें उत्तर मिळालें.

मोठ्या मेंदूच्या पोटांत, दोन्ही बाजूंस, करड्या पेशींचे कांहीं पुंजके आहेत. त्यांस बेसल गँग्लिया अथवा तलस्थ केंद्रकें म्हणतात. शेपटीसारखें वळलेलें पुच्छकेंद्रक, त्याच्या शेजारीं पुटामेन, त्याच्या आंतल्या अंगास फिकट गोलक. आणि यांच्याशीं जोडलेलें, खालीं मध्यमस्तिष्कांत, कृष्णद्रव्य. हालचालीची आज्ञा मेंदूच्या वरच्या थरांतून निघते; परंतु तिला अनुज्ञा मिळते ती येथें. व्याकरणांत जसे उत्सर्ग व अपवाद, तसा येथला कारभार आहे. निषेध हा उत्सर्ग. फिकट गोलक थॅलॅमसला सदैव रोखून धरतो. हवी ती हालचाल हा अपवाद. तिच्यापुरता निषेध क्षणभर सुटतो. कृष्णद्रव्यांतील पेशी डोपामिन नांवाचें द्रव्य पुरवून हें सुटणें सुलभ करतात. त्या पेशी झिजल्या म्हणजे निषेध बळावतो. पाऊल आखूड पडतें, अक्षर आक्रसतें. १९६० सालीं व्हिएन्नाच्या संशोधकांस अशा रोग्यांच्या मेंदूंत डोपामिनची मोठी तूट आढळली, आणि पुढें लेव्होडोपाचें औषध आलें. आपल्या खाजकुयलीच्या बियांतहि तेंच लेव्होडोपा असतें.

गोळीनें आमचा हात सुटला, पण पुरता नाहीं. तेव्हां डॉक्टरांनीं रेघांच्या कागदावर लिहावयास सांगितलें. सवयीनें आपोआप होणारें लिहिणें ह्या केंद्रकांवर विसंबून असतें; डोळ्यांपुढें रेघ असली म्हणजे प्रत्येक अक्षर पाहून, ठरवून काढलें जातें, आणि हाताला मेंदूंतील दुसऱ्या वाटेचें साह्य मिळतें. नातवानें आपली दुरेघी वही पुढें केली. "आजोबा, वरच्या रेघेला टेकवा," तो म्हणाला. आम्ही मुकाट्यानें टेकविलें.

त्या रात्रीं झोंप लागेना. ज्या मुलांच्या वह्यांवर आम्ही 'आळशी' असा शेरा मारला, त्यांपैकीं कितींचा हात खरोखरच अडलेला असेल? त्यांस विचारावयास आतां फार उशीर झाला. बंधूंस मात्र नवें पत्र धाडलें. कागद पुष्कळ लागला. परंतु ह्या खेपेस शेवटची ओळहि त्यांस वाचतां आली.