छपराचा हिशेब

बेळगाव भागात घरांचे नकाशे करणाऱ्या आमच्यासारख्यांकडे ऊर्जा संहितेचा विषय निघाला, की गिऱ्हाईक आधी एकच विचारतं, "हे आम्हाला लागतंय काय?" कडोलीत किंवा केदनुरात घर बांधणाऱ्याला बहुतेक वेळा "नाही" असंच सांगावं लागतं. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याच्या आधारानं व्यापारी इमारतींची संहिता २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली गेली. तिची सुरुवात १०० किलोवॅट जोडभारापासून, म्हणजे महामार्गालगतचं मोठं हॉटेल किंवा शहरातलं मोठं इस्पितळ तिच्यात येतं. राहत्या घरांची इको निवास संहिता डिसेंबर २०१८ मध्ये आली, पण तीही ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटसाठी. आपल्या मापात पाच गुंठे. गावठाणातलं दीड-दोन गुंठ्यांतलं घर तिच्या बाहेरच राहतं.

एप्रिलचं ऊन मात्र गुंठे मोजून पडत नाही. म्हणून लहान घरालाही मी संहितेचाच हिशेब लावतो, कुणी मागो न मागो. आणि तो छपरापासून सुरू करतो.

एकमजली घराचा उन्हात सगळ्यात जास्त उघडा भाग म्हणजे छप्पर. घरांच्या संहितेत छपराला मर्यादा आहे: आत-बाहेर एका अंशाचा फरक असला तर दर चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता पार होता कामा नये. आपला नेहमीचा पाच इंची स्लॅब, खाली गिलावा, वर कोबा, असा हिशेब मांडला तर आकडा साडेतीनच्या आसपास येतो. जवळजवळ तिप्पट. कागदावर हे पटत नसेल तर रात्री जेवणं झाल्यावर खाटेवर उभं राहून स्लॅबच्या पोटाला तळहात लावून बघावा. बाहेर अंगणात वारा सुटलेला असतो, कारण आपली हवा पठाराची, सूर्य मावळला की उतरते. स्लॅब मात्र दुपारी प्यायलेलं ऊन तेव्हा खाली सोडत असतो, आणि पंखा तीच गरम हवा माणसांच्या अंगावर ढकलतो. म्हातारी माणसं अंथरूण घेऊन सोप्यात येतात ती उगीच नाही.

जुनी घरं थंड असायची असं सगळेच म्हणतात; ते अर्धंच खरं आहे. नुसत्या मंगलोरी कौलांचं छप्पर या मर्यादेत बसत नाही. कौलातून ऊन सरळ आत येतं. थंड असायचं ते माळ्याखालचं माजघर. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा वीतभर थर, मग मोकळी हवा आणि सगळ्यात वर कौलं. मी असा माळा मोजून हिशेबात बसवला आहे. माती पुरेशी जाड असेल तर तो १.२ च्या जवळपास येतो. संहितेनं जे मागितलं ते ज्या सुतार-गवंड्यांनी करून ठेवलं होतं त्यांना वॅट माहीत नव्हता, पण कुठल्या थरानं काय होतं हे पक्कं माहीत होतं. आपण माळा काढला, स्लॅब घातला, आणि माळ्याच्या जागी काहीच ठेवलं नाही.

उपाय अवघड नाही. स्लॅबवर आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर इंचभर जाडीचे दाट थर्माकोलचे तक्ते, वर उताराचा कोबा, आणि शेवटी पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे. एवढ्यानं आकडा एकच्या आसपास उतरतो. मातीची मडकी पालथी घालून मधल्या फटी भरायची जुनी रीतही आहे. खानापूरची कुंभारकी जवळ असल्यानं ती मला मनापासून आवडते. पण तिचं वजन बरंच असतं, ते सळीचं डिझाइन करायच्या आधी सांगावं लागतं. चुन्याचा पांढरा हात सगळ्यात स्वस्त. १.२ च्या हिशेबात त्याला जागा नाही, तरी ऊन परतवायचं काम तो करतोच, म्हणून ज्याला तक्ते परवडत नाहीत त्याला मी चुना तरी मारायला लावतो.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. "सायेब, वर टाकलेलं कुणाला दिसतंय? त्या पैशात समोर ग्रॅनाइट बसवूया की," असं मेस्त्री म्हणतो आणि मालक मान हलवतो. दोघांचंही चुकत नाही. घर एकदाच बांधलं जातं, लोक समोरूनच बघतात. मी म्हणतो, "मेस्त्री, ग्रॅनाइट पुढच्या दिवाळीला लागेल. कोबा पडला की खालचा थर पुन्हा घालता येत नाही."

दुसरी गोष्ट खिडकीची. संहितेच्या हवामानाच्या यादीत बंगळूर समशीतोष्ण आहे, बेळगाव उष्ण-दमट. आमच्यातले काही जण यावर हसतात, "बेळगाव उष्ण?" म्हणून. मला ही यादी बरोबर वाटते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीला ओल आणि कपाटातल्या कपड्यांना वास येतो तेव्हा घराला हवाच हवी असते. उष्ण-दमट भागाला संहिता घराच्या चटईक्षेत्राच्या १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश, हवेसाठी उघडी जागा मागते, समशीतोष्णाला १२.५ पुरतं. आणि मोजायचं ते उघडणारं क्षेत्र, काच नव्हे. सध्या जिथे तिथे बसते ती चार बाय चारची दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कागदावर सोळा चौरस फूट, पण एका वेळी उघडते फक्त आठ. दहा बाय बाराच्या खोलीला त्या प्रमाणात वीस चौरस फूट लागतात. जुन्या पद्धतीची, बिजागरीवर बाहेर उघडणारी तेवढीच खिडकी चौदा चौरस फुटांच्या वर देते. तिला जाळी बसवणं जरा कटकटीचं असतं, शेताकडेच्या घरांना डास सोडत नाहीत. तरी तो खर्च करावा. खिडकीवर छज्जा अडीच फुटांचा ठेवावा. पश्चिमेकडून पावसाचा मारा येतो तेव्हा दीड फुटाच्या छज्ज्याखालची खिडकी बंदच करावी लागते, आणि बंद खिडकी कितीही मोठी असली तरी ओल काढत नाही.

शहरात वीज वाचवणं म्हटलं की लोकांना गच्चीवरचा सोलर बंबच आठवतो. तो चांगलाच आहे, पण त्यानं आंघोळीचं पाणी तापतं. झोपायची खोली थंड होत नाही.

या संहितेचे कागद इथल्या मेस्त्रीपर्यंत इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये येतात, म्हणजे येतच नाहीत. कडोलीत दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं, पंचक्रोशीतून माणसं येतात. संयोजकांना माझी विनंती आहे की एखाद्या वर्षी त्या मांडवात गवंडी, सेंट्रिंगवाले आणि घर बांधायला काढलेले मालक यांच्यासाठी एक तास ठेवा. छप्पर, खिडकी आणि छज्जा यांवरची दोन पानं सोप्या मराठीत लिहून द्यायला मी तयार आहे. छपाईचा खर्चही माझा.