ओट्यामागची भिंत

घराची कळा अंगण सांगते, अशी म्हण आहे. परंतु त्या घरातील गृहिणीचे कष्ट जाणावयाचे असतील तर ओट्यामागची भिंत पाहावी, असे आम्हांस वाटते. फोडणीचा पहिला शिंतोडा तीच झेलते.

आमच्या पेडणे-डिचोलीकडील जुनी घरे चिऱ्याची. चिरा सच्छिद्र, पाणी पिणारा. आणि गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस! म्हणून वाडवडिलांनी भिंतींना चुन्याचा गिलावा दिला. आलेली ओल चुन्यातून निघून जाई, आणि चुलीची काजळी चतुर्थीपूर्वीच्या सफेदीखाली झाकली जाई. भिंतीला चित्रांच्या टाइल्स लावण्याची हौस गोव्यास नवी नव्हे. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो या चित्रकाराने १९३५ साली कामॉइश कवीच्या महाकाव्यातील प्रसंग टाइल्सवर रंगविले आहेत. पण तेथे कोणी बांगडे तळीत नाही!

पेडण्यातील आमच्या वडिलोपार्जित घराचे स्वयंपाकघर सुधारावयाचे ठरले, तेव्हा धाकट्या भावाने आग्रह धरला, "दादा, एकदाच होणार आहे. चारी भिंती सात फुटांपर्यंत टाइल्सनी मढवूया." आईच्या खोलीवरची गळकी कौले त्याच पैशांतून बदलावयाची होती. आम्ही पडलो शिक्षक. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. खोली बारा फूट बाय दहा फूट. दारे-खिडकी वगळता सात फुटांपर्यंतची भिंत सुमारे २६० चौरस फूट. तेल-पाणी उडते ते मात्र आठ फुटी ओट्यामागे आणि सिंकच्या बाजूच्या अडीच फुटांत, तेही ओट्यापासून दोन फूट उंचीपर्यंत. म्हणजे अवघे २१ चौरस फूट! बारा बाय अठरा इंची सोळा टाइल्समध्ये काम होते. फुटतुटीला आणखी दोन.

फुलापानांच्या टाइल्स आम्ही नाकारल्या. एखादी तडकली की तेच फूल पुन्हा दुकानात सापडत नाही. साध्या, फिक्या टाइल्सची शिल्लक विक्रेत्यांकडे पुष्कळदा स्वस्तात मिळते. खोक्यांवरील छटेचा क्रमांक एकच आहे ना, एवढे पाहावे. जेथे काटकसर करू नये ती जागा टाइल्समधील सांध्यांची. पांढऱ्या सिमेंटचे सांधे हळदीने वर्षभरात पिवळे पडतात. एपॉक्सीचे मिश्रण महाग खरे, पण २१ फुटांना लागते किती? ओट्याच्या ग्रॅनाईटमधून उरलेल्या चार इंची पट्ट्या खिडकीखाली बसविल्या.

आमचा गवंडी जुना, अनुभवी. तो भावाला म्हणाला, "चिऱ्याची भिंत सगळी झाकू नका. आत कोंडलेली ओल टाइल्स सोडवते." गणिताने जे पटले नव्हते ते या वाक्याने पटले. वैशाखात, भिंत सुकी असतानाच, काम उरकले. कौले मृगापूर्वी बदलून झाली, आणि आईच्या खाटेखालची पातेली स्वयंपाकघरात परत आली.